टेप क्रमांक २१२

सोमवार, ९ सप्टेंबर

दोन सुटकेस, एक प्रेशर कुकर आणि मी, असे आम्ही चौघं आज दुपारी हर्नडनला सुखरूप पोचलो. रोजनिशीची सवय नागपूरला शाळेत असताना होती, मग सुटली. आता नवं गाव, नवी नोकरी, म्हणून नवी वही.

खोली रत्नामावशींच्या घराच्या बेसमेंटमध्ये. मावशी मूळच्या पुण्याच्या, इथे येऊन तीस वर्षं झाली. आल्या आल्या त्यांनी पोहे दिले, वायफायचा पासवर्ड लिहून दिला आणि वॉशिंग मशीन कुठल्या वारी लावायचं तेही सांगून टाकलं. माझ्या खिडकीतून फक्त गवत दिसतं आणि मावशींचे बागेतले बूट. तरी खिडकी आहे, हे काय कमी!

नोकरीचं अजून खरं वाटत नाही. अल्फारेटातल्या कंपनीने जुलैत ले-ऑफ केलं तेव्हापासून दिवस मोजत होते. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा संपतो, सामान बांधायचं. चोपन्नाव्या दिवशी इथून फोन आला. काम मोठं गमतीचं आहे. एकसष्ट साली सोडलेला ट्रेसर-४ नावाचा उपग्रह, त्याच्या जुन्या मॅग्नेटिक टेप वाचून डेटा वाचवायचा. पृथ्वीच्या चुंबकत्वाने तिच्याभोवती किरणोत्साराचे पट्टे धरून ठेवलेत, त्यांतून हा उपग्रह फिरायचा आणि किती कण आदळतात ते मोजून आकडे खाली पाठवायचा. सोळा महिन्यांत त्या किरणोत्सारानेच त्याचे सोलर पॅनल खाल्ले आणि तो गप्प झाला. पण पडलेला नाही. अजून वर फिरतोय.

बाबांना व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तू उपग्रहाची भंगारवाली झालीस. किती दिवसांनी हसलो आम्ही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

माझा मॅनेजर डेनिस साठीचा आहे, बोटं कायम खडूसारखी कोरडी. टेप हातात घेण्याआधी तो ती उजेडासमोर धरतो. आरपार उजेड दिसला तर ती ॲसिटेटची, जुनी. दिसला नाही तर पॉलिएस्टरची, म्हणजे नंतर काढलेली कॉपी. पॉलिएस्टरची टेप चिकट झालेली असते, ती ओव्हनमध्ये मंद आचेवर आठ तास ठेवली की वाचता येते. ॲसिटेटची टेप ओव्हनमध्ये गेली तर संपलीच. हे त्याने मला दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. ओव्हन वापरला की शेजारच्या रजिस्टरमध्ये टेपचा नंबर आणि सही करायची.

दुपारी पहिली टेप ऐकली. सुरुवातीला उपग्रहाचा सिग्नल पकडणाऱ्या ग्राउंड स्टेशनवरच्या ऑपरेटरचा आवाज असतो. तारीख, वेळ, टेपचा नंबर आणि शेवटी स्वतःचं नाव. नंतर उपग्रहाची शिट्टी सुरू होते, त्या शिट्टीतच आकडे. आवाज तरुण मुलाचा होता. इंग्रजी अगदी नीट, पण ळ आणि ण कुठेतरी मागे उभे आहेत असं वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, ऑपरेटर आठल्ये. मी खुर्चीतून उठलेच. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, साठेक वर्षांपूर्वी, आपला माणूस!

डेनिस म्हणाला, ते अजून आहेत. स्टर्लिंगला, वीस मिनिटांवर.

शनिवार, २१ सप्टेंबर

आज प्रल्हाद आठल्येकाकांना भेटून आले. वय पंच्याऐंशी. वृद्धांच्या निवासात त्यांची खोली आहे, मुलगी इला जवळच राहते. इला इथेच जन्मलेली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. काकांनी मला सुचित्राताई म्हटलं आणि लगेच स्वतःच सुधारलं, नाही, तू तर माझ्या नातीच्या वयाची.

ते चोविसाव्या वर्षी त्या वाळवंटातल्या स्टेशनवर एकटे ड्युटीला असायचे. उपग्रहाने शेवटचा सिग्नल दिला तो एकोणीस फेब्रुवारी त्रेसष्टला, फक्त अकरा मिनिटं. काका म्हणतात, मी जागा होतो, मी रेकॉर्ड केलं, टेप नंबर २१२, पॅक करून पाठवली. ती पोचली नाही. त्यांच्या प्रोफेसरांनी लॉगमध्ये लिहिलं, ऑपरेटर झोपलेला होता. रिसर्च पेपरवरून त्यांचं नाव गेलं, पीएचडी अर्धवट राहिली. मग तीस वर्षं त्यांनी एडिसन गावातल्या एका शाळेत फिजिक्स शिकवलं.

त्या अकरा मिनिटांत काय असणार हेही त्यांनी सांगितलं. मोजणाऱ्या यंत्राला झेपणार नाहीत इतके कण एकदम आले की यंत्र शून्य दाखवतं. त्या दिवशी आधी आकडे चढले असणार आणि मग ओळीने शून्य. त्यांनी तेव्हाच तसं म्हटलं होतं, कोणी ऐकलं नाही.

निघताना माझा हात धरून म्हणाले, "झोपलो नव्हतो गं मी."

एवढंच. सहा दशकं हा माणूस हेच सांगतोय.

बुधवार, २ ऑक्टोबर

सापडली! आज आलेल्या खोक्यांत एका डब्यावर लेबल सत्तर सालचं, पण आतल्या रिळावर पेन्सिलीने २१२ आणि खाली पी. आठल्ये. डेनिस, जो कधी हसत नाही, त्याने टेबलावर थाप मारली. उद्या तो दिवसभर बाहेर आहे. म्हणाला, तूच कर, तुझ्याच माणसाची आहे. मी काकांना फोन केला. इला म्हणाली, ते बोलू शकत नाहीयेत, रडतायत.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

कसं लिहू.

डब्यावर सत्तर साल होतं, म्हणून मी कॉपी समजले. पण आत मूळ टेप आहे हे मला माहीत होतं की. कालच तर वाचलं होतं ते पेन्सिलीचं अक्षर. मी उजेडासमोर धरली नाही. घाईत होते, काकांना संध्याकाळपर्यंत आवाज ऐकवायचा होता. ओव्हनमध्ये ठेवली. रजिस्टरमध्ये सही केली. चार वाजता उघडलं तर आंबलेल्या व्हिनेगरचा भपकारा आला आणि टेपच्या जागी वाळलेल्या केळीच्या सालीसारखं काहीतरी वळलेलं होतं. हात लावला तर तुकडा पडला.

सगळं गेलं होतं. अकरा मिनिटं पोस्टात हरवूनही एकसष्ट वर्षं टिकली होती, आणि मी ती एका दिवसात भाजून टाकली.

काकांचा फोन तीनदा येऊन गेला. उचलला नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

डेनिसला सांगायला त्याच्या दारापर्यंत गेले. त्याने मान वर न करताच विचारलं, झालं ना? मी हो म्हणाले. तो एक शब्द. त्यानंतर परत फिरायला जागाच उरली नाही.

दिवसभर बसून अकरा मिनिटं तयार केली. दर सेकंदाला एक आकडा. कॉम्प्युटरने काढलेले आकडे फार नीटनेटके दिसत होते, म्हणून सहाशे साठ आकडे हाताने टाइप केले. चढते आकडे, मग शून्यं, काका म्हणाले होते तशीच. एका ठिकाणी ४७ ओळीने तीनदा पडलं, तेही तसंच ठेवलं, खरं वाटावं म्हणून. मग बाकीच्या टेपवरून काकांचा आवाज कापून जोडला. एकोणीस. फेब्रुवारी. दोनशे. बारा. ऑपरेटर आठल्ये. शिट्टीत आकडे भरून फाइल बनवली. जळलेली टेप डब्यात घालून डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे ढकलला.

पुन्हा साठ दिवस मोजायची माझी हिंमत नव्हती. हे कारण आहे. हे कारण पुरेसं नाही, मला कळतं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

काकांनी फाइल ऐकली. शून्यं आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग माझ्या पाया पडायला वाकले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस. मी मागे सरले आणि भिंतीला धडकले.

घरी येऊन तोंडावर पाणी मारत राहिले.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

विज्ञानाच्या इतिहासावर काम करणाऱ्या इथल्या एका मंडळाने नऊ नोव्हेंबरला लायब्ररीच्या हॉलमध्ये काकांचा सत्कार ठेवलाय. जुना पेपर त्यांच्या नावासकट पुन्हा वाचणार. डेनिसने सगळ्यांना मेल केली, त्यात माझं कौतुक. रत्नामावशींनी पुरणपोळी केली. गिळवेना. पोट बिघडलंय म्हणाले.

काका रोज दुपारी चहाबरोबर ती फाइल ऐकतात म्हणे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

काकांचा फोन. त्यांना एक शंका होती. म्हणाले, नाव सांगून झाल्यावर मी आणखी एक वाक्य बोललोय, ते आधी लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, तसं काही नाहीये. त्यांनी फोनवरूनच ऐकवलं. ऑपरेटर आठल्ये. मग थोडा श्वास. मग त्याच तरुण आवाजात, इंग्रजीत: टेप ओव्हनमध्ये आठ तास होती.

मी हे जोडलेलं नाही. 'ओव्हन' हा शब्द त्यांच्या एकाही टेपमध्ये नाही.

काकांना गंमत वाटली होती. म्हणत होते, कसला ओव्हन गं? आमच्या स्टेशनवर धड चहा मिळायचा नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

माझ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्येही ते वाक्य आहे. डेनिसच्या कॉपीतही. फाइल शेवटची बदलल्याची वेळ शनिवार दुपारी १.१० अशी दिसते. तेव्हा मी मावशींबरोबर ग्रोसरीला होते.

का कोण जाणे, ट्रेसर-४ कुठे असतो ते वेबसाइटवर पाहिलं. शनिवारी १.१० ला तो हर्नडनवरून गेला होता.

पुढची वेळ बुधवारी ३.३२.

बुधवार, २३ ऑक्टोबर

फाइल समोर उघडून बसले. बाहेर लख्ख ऊन, पार्किंगमध्ये कोणीतरी हसत होतं. ३.३२ ला फाइल माझ्या डोळ्यांदेखत लांबली. नऊ सेकंदांनी. हेडफोन लावायची भीती वाटत होती. लावला.

टेप मी खराब केली. उजेडासमोर धरली नाही.

माझे शब्द. आवाज त्यांचा.

फाइल पुसली. बॅकअपमधून जुनी आणली. तिच्यातही तेच.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

स्टर्लिंगला गेले. काका पलंगावर बसले होते, चहा गार झाला होता. त्यांना वाक्यं कळली होती. ते हळू हळू बोलले. म्हणाले, आवाज माझाच आहे. मी स्वतःचा आवाज ओळखणार नाही का? म्हणजे मीच काहीतरी केलं होतं. झोपलोच असेन. टेप बिघडवली असेन. आणि मग विसरलो. माणूस सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतो.

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. तीन आठवडे आरशात तेच बघतेय.

सांगायचं होतं. ओठ उघडले. इला औषधं घेऊन आत आली आणि मी म्हणाले, उशीर झालाय, निघते.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

उपग्रह आज दोनदा गेला वरून. दोन वाक्यं.

आकडे मी हाताने लिहिले.

मी कोणालाच सांगितलं नाही.

काकांनी डेनिसला फोन करून माफी मागितली, म्हणाले आकडे मीच रचले असणार. सत्काराला येईन म्हणाले, पण सत्कारासाठी नाही. सगळ्यांसमोर कबूल करायला. डेनिस मला म्हणाला, बिचारा म्हातारा, पण खोटं ते खोटंच. मी मान डोलावली. देवा, मी मान डोलावली.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

दिवाळी. मावशींच्या दारात पणत्या. त्यांनी वर बोलावलं, गेले नाही. त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.

ठरलं. सोमवारी सांगायचं. पुरावा आहे माझ्याकडे. जळलेली टेप आहे, रजिस्टरवर माझी सही आहे.

सोमवार, ४ नोव्हेंबर

सांगितलं. डेनिसला सगळं सांगितलं, रडत. तो उठून रजिस्टर घेऊन आला. तीन ऑक्टोबरच्या ओळीवर काही नाही. खोडलेलं नाही, फाडलेलं नाही. कोरी ओळ.

मी खालच्या कप्प्यातला डबा काढला. उघडला.

टेप सपाट आहे. चकचकीत, अखंड. डेनिसने उजेडासमोर धरली, आरपार उजेड आला. मशीनवर लावली. काकांचा आवाज. तारीख. नाव. ती सगळी वाक्यं. मग माझे आकडे. ४७, ४७, ४७.

एकसष्ट वर्षांपूर्वीच्या टेपवर.

डेनिसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, त्यांच्यावर तुझी माया आहे हे कळतं, पण त्यांच्यासाठी स्वतःवर घेऊ नकोस. घरी जा, झोप काढ.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

काकांपुढे गुडघ्यावर बसून सांगितलं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

"वेडी आहेस. माझं पाप तू कशाला घेतेस?"

ते माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. माझ्या शब्दांपेक्षा त्यांना स्वतःचा आवाज खरा वाटतो. एकसष्ट वर्षं एकही माणूस त्यांच्या बाजूने नव्हता, तरी ते स्वतःच्या बाजूने उभे होते. आता तेही नाहीत. हे मी केलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

शनिवारी सगळ्यांसमोर बोलायचं. सराव म्हणून फोनवर रेकॉर्ड केलं. मी सुचित्रा धोटे, टेप मी जाळली. असंच म्हणाले. मोठ्याने. खोलीत माझाच आवाज ऐकला.

मग परत लावून ऐकलं —

त्यांचा आवाज. तरुण. नावही त्यांचंच — ऑपरेटर आठल्ये, टेप मी जाळली.

चार वेळा केलं. चारही वेळा.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मावशींनी जेवायला हाक मारली, मग जिन्यावरून विचारलं, खाली कोण आहे? पुरुषाचा आवाज येतोय.

मी फक्त हो, आले, एवढंच म्हणाले होते.

उद्या दुपारी २.१५ ला ट्रेसर-४ वरून जाणार. कार्यक्रम दोनचा. लिहून नेते. कागद तरी —

शनिवार, ९ नोव्हेंबर, लायब्ररी

दुसऱ्या रांगेत बसलेय. वही मांडीवर. तीसेक माणसं. काका पुढे, इस्त्रीचा कोट, इलाचा हात हातात.

लिहून आणलेला कागद उघडला. खाली सही त्यांची. पेन्सिलीने. पी. आठल्ये.

२.१२. ते बोलायला उठतायत. त्यांच्या आधी मीच —

बोलले. उभी राहिले, माईक घेतला, सगळं बोलले. टेप मी जाळली. आकडे मी लिहिले. हा माणूस जागा होता. एकही शब्द गाळला नाही. मला ऐकू आलं, माझाच आवाज, थरथरणारा, पण माझा —

२.१५. माझ्याकडे कोणी बघत नाहीये. सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्यात. त्यांचे ओठ मिटलेले आहेत आणि तरी सगळ्यांना आवाज त्यांचाच ऐकू आलाय — ते मान खाली घालून हो म्हणतायत. सॉरी म्हणतायत. कोणीतरी उठून बाहेर गेलं. इलाने त्यांच्या हातातून हात काढून घेतला. काढून घेतला —

पुन्हा उठते. ओरडून सांगते. मी सुचित्रा, टेप मी —